चंद्र राहू द्या, आधी राधानगरी बघा

प्रश्न एका विद्यार्थ्याचा आहे, कोल्हापुरातच अभियांत्रिकी शिकणाऱ्या. १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, १९७२ च्या डिसेंबरात शेवटचा माणूस तिथून परतला आणि पुढची पन्नास वर्षं तिकडं कुणी पाऊल टाकलं नाही. तंत्रज्ञान होतं, पैसा होता, मग असं का झालं? मानवजातीला लांब पल्ल्याची ध्येयं झेपतच नाहीत का? आणि शेवटी एक शेपूट: भारत २०४० ला चंद्रावर माणूस उतरवणार म्हणतो, ते होईल का?

मी अवकाशातला माणूस नाही. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून लागलो आणि कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. म्हणजे ज्या कामांचं भूमिपूजन एका पिढीनं पाहिलं आणि पाणी दुसऱ्या पिढीनं, त्या कामांत आयुष्य गेलं. रॉकेट वेगळं आणि धरण वेगळं हे मान्य. पण दोन्ही रखडतात ती बरीचशी एकाच तऱ्हेनं, म्हणून उत्तर देण्याचं धाडस करतोय.

या प्रश्नाला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, माणूस मुळातच आजचं बघणारा प्राणी आहे, त्याला उद्याचं दिसत नाही. मला हे कधी पटलं नाही. आमच्याकडचा शेतकरी आडसाली ऊस लावतो तेव्हा दीड वर्ष पैशाचं तोंड बघायला मिळणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. बांधावर आंबा लावणारा म्हातारा स्वतःसाठी लावत नाही. पोरीच्या शिक्षणासाठी वीस वर्षं पोटाला चिमटा घेणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. एकेकटा माणूस लांबचं बघतो आणि चांगलं बघतो. अडचण येते ती पुष्कळ माणसांनी मिळून, एकमेकांच्या हातात काम देत देत, पन्नास वर्षं काही करायचं असतं तेव्हा.

त्यात खंड पडतोच. पैसा आटतो, राज्य बदलतं, युद्ध होतं, साहेब बदलतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लांबच्या कामात खंड पडणार हे गृहीत धरायला हवं, आणि आपण तेच धरत नाही. काम असं आखतो की जणू पैसा आणि माणसं शेवटपर्यंत तीच राहणार आहेत.

धरणाच्या भाषेत सांगतो. दगडी धरण आणि मातीचं धरण यांत बांधणाऱ्याच्या दृष्टीनं एक मोठा फरक आहे. दगडी भिंत अर्ध्या उंचीवर थांबली तरी चालतं. पावसाळ्यात पाणी तिच्यावरून जातं, भिंत तिथंच राहते, अर्धं का होईना पाणी अडतं. मातीच्या भरावावरून पाणी जाऊन चालत नाही, गेलं तर भराव वाहून जातो. म्हणून मातीच्या धरणात नदी वाहती राहावी अशी मधली मोकळी जागा, म्हणजे घळ, शेवटी भरायला ठेवतात आणि घळभरणी एकाच हंगामात, ऑक्टोबर ते जून, उरकावी लागते. मधे थांबलात तर पुराबरोबर सगळं गेलं. कामं या दोन जातींची असतात, आणि कुठलं काम कुठल्या जातीचं हे सुरू करायच्या आधीच ओळखता येतं.

आता राधानगरी. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर हे धरण बांधायचं मनावर घेतलं ते १९०७ च्या सुमारास. छोटं संस्थान, उत्पन्न बेताचं, आणि काम त्या काळच्या मानानं अवाढव्य. पुढं पहिलं महायुद्ध आलं, महागाई झाली आणि १९१८ च्या आसपास काम थांबलं. भिंत तेव्हा सुमारे ४० फुटांवर होती. १९२२ ला महाराज गेले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ च्या सुमारास, काम पुन्हा हाती घेतलं गेलं. १९४० ला राजाराम महाराजही गेले. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे ज्या राज्यानं धरण सुरू केलं ते राज्यच उरलं नाही. धरण मात्र १९५० च्या दशकात पूर्ण झालं आणि आज साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी साठवतं. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तलाव भरला की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि कोल्हापुरात लोक एकमेकांना विचारतात, "किती उघडले?"

या गोष्टीत लोक महाराजांच्या दूरदृष्टीबद्दल बोलतात, ते खरंच आहे. पण बांधणाऱ्याच्या नजरेला आणखी एक दिसतं. काम वीसेक वर्षं बंद पडूनही मेलं नाही, कारण ते दगडी होतं आणि ४० फुटांवरही पाणी अडवत होतं. जागा गेली नव्हती, गरज गेली नव्हती, भिंत उभी होती. पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करायची नव्हती, ४० फुटांपासून करायची होती.

अपोलो, म्हणजे अमेरिकेचा चंद्रावर माणूस उतरवायचा कार्यक्रम, मात्र मातीचं धरण होतं. १२ एप्रिल १९६१ ला रशियाचा गागारीन अंतराळात जाऊन आला आणि सहा आठवड्यांत, २५ मे ला, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवण्याची घोषणा केली. हंगाम ठरला, घळ बुजवायची ठरली. त्याआधी फॉन ब्राऊनसारख्या रॉकेट अभियंत्यांच्या डोक्यात असलेला आराखडा पायरीपायरीचा होता: आधी पृथ्वीभोवती स्थानक, मग तिथून पुढं. तो वेळखाऊ होता. १९६२ मध्ये नासानं दुसरा मार्ग पक्का केला. एकाच प्रचंड रॉकेटनं सगळं न्यायचं, चंद्राभोवती फिरत राहणाऱ्या यानातून एक छोटं यान खाली उतरवायचं, ते परत वर येऊन जोडलं की घरी. अभियांत्रिकी म्हणून हा निर्णय अप्रतिम होता आणि त्याच्याशिवाय १९६९ गाठलंच गेलं नसतं. पण त्यानं मागं काहीच उरत नव्हतं. स्थानक नाही, इंधनाचा साठा नाही, दुसऱ्याला वापरता येईल अशी पायरी नाही. दर वेळी त्या रॉकेटचे, सॅटर्न-५ चे, टप्पे समुद्रात आणि अवकाशात टाकून द्यायचे, परत यायची ती फक्त माणसं बसलेली कुपी.

नासाचा खर्च १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाच्या ४ टक्क्यांवर गेला होता. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. पंधरापेक्षा जास्त सॅटर्न-५ बनवायचे नाहीत हे १९६८ मध्येच ठरलं होतं, म्हणजे आर्मस्ट्राँगचा पाय चंद्राला लागण्याआधी. अपोलो १८, १९ आणि २० रद्द झाल्या. उरलेल्या रॉकेटचे भाग आज ह्यूस्टन वगैरे ठिकाणी प्रदर्शनात आडवे पडून आहेत, पर्यटक त्यांच्याबरोबर फोटो काढतात. केनेडींचं १९६२ च्या नोव्हेंबरातल्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ते नासाच्या प्रमुखांना स्पष्ट सांगतात की आपल्याला अवकाशात तितकासा रस नाही, रशियाच्या पुढं जाण्यात आहे. शर्यत जिंकली, आणि शर्यतीसाठी आलेला पैसा परत गेला.

स्पर्धा आणि मुदत यांवर चालणारं काम कसं फुगतं आणि कसं बसतं, हे आम्ही कृष्णा खोऱ्यात अगदी जवळून पाहिलंय. राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असं ठेवलं. तोवर जे पाणी आपण अडवणार नाही ते कर्नाटक-आंध्रच्या पदरात जाईल ही धास्ती. वर्षानुवर्षं कामं रेंगाळली, आणि मुदत चार वर्षांवर आल्यावर, १९९६ मध्ये, कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. लोकांकडून रोखे काढून पैसा उभा केला. एकाच वेळी इतक्या धरणांची, उपसा योजनांची, कालव्यांची कामं निघाली की खात्यात सर्वेक्षणाला माणूस मिळेना आणि गावात टिकाव-फावडं धरायला. ते दिवस भारावलेले होते, नाकारत नाही. धरणांच्या भिंती उभ्या राहिल्या. २००० उलटलं, रोख्यांचं व्याज भरायची वेळ आली, नवा पैसा आटला आणि कालवे राहिले. भिंत हे दाखवायचं काम असतं, तिचा फोटो निघतो. पाणी शेतात नेणाऱ्या वितरिकेचा फोटो कोण काढणार?

मुदत वाईट असं मी म्हणत नाही. मुदत नसती तर त्यातली निम्मी धरणं अजून कागदावर असती. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं, दुखणं तिथं आहे.

पैशाचं गणित आता जरा नीट मांडतो, कारण बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं आणि माहीत असलेला बोलत नाही. समजा १०० कोटींचं काम आहे. त्याला वर्षाला ५ कोटींची तरतूद मिळते. अशी शंभर कामं एकदम सुरू असल्यानं प्रत्येकाच्या ताटात एवढंच पडतं. ५ कोटींचं काम झालं, उरलं ९५ कोटींचं. पण सिमेंट, लोखंड, डिझेल, मजुरी महागली आणि दरसूची ६ टक्क्यांनी वर गेली. मग उरलेलं काम किती कोटींचं? १०० कोटी ७० लाखांचं. वर्षभर राबलात, पैसा खर्चला, आणि काम सुरुवातीपेक्षा लांब गेलं! हे असं वीस वर्षं चालू शकतं. दर काही वर्षांनी सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यायची, वर्तमानपत्रात "खर्च पाचपट" अशी बातमी यायची, लोकांनी भ्रष्टाचार म्हणायचं. भ्रष्टाचार कुठं नसतो असं नाही, पण तो नसता तरी या हिशेबानं काम संपलं नसतं.

अवकाशात हेच डॉलरमध्ये होतं. जेम्स वेब दुर्बिणीचा विचार सुरू झाला १९८९ च्या सुमारास, ती उडाली २५ डिसेंबर २०२१ ला, आणि खर्च गेला १० अब्ज डॉलरच्या घरात. दरम्यान २०११ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या समितीनं ती रद्द करायचाच प्रस्ताव आणला होता. पैसा दर वर्षी थोडा कमी दिला की काम लांबतं, लांबलं की महागतं, महागलं की रद्द करा म्हणणाऱ्याला मुद्दा मिळतो. चंद्राच्या बाबतीत तर १९८९ ला थोरल्या बुशनी परत जायची घोषणा केली, ती विरली. २००४ ला धाकट्या बुशनी केली, त्यातला कॉन्स्टेलेशन कार्यक्रम २०१० मध्ये ओबामांनी बंद करायला घेतला. दर आठ वर्षांनी नवा साहेब आणि नवं भूमिपूजन.

प्रकल्प अहवालात लाभ-व्यय गुणोत्तर काढतात, त्याचंही ऐकून ठेवा. पुढं मिळणाऱ्या लाभाची आजची किंमत काढताना व्याजाच्या दरानं ती घटवतात. दर १० टक्के धरला तर ५० वर्षांनंतर मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत भरते ८५ पैसे. नातवाचे शंभर रुपये आज रुपयालाही महाग! या हिशेबात १९०७ चं राधानगरी कधीच पास झालं नसतं, मंगळ तर सोडाच. हिशेब चुकीचा आहे असं नाही, कर्ज काढून बांधणाऱ्याला तो करावाच लागतो. पण पन्नास वर्षांच्या कामाला हीच एक फूटपट्टी लावली की उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आता माणसांचं. माझ्या मते पैशापेक्षा हे दुखणं मोठं आहे आणि याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

एका मध्यम प्रकल्पाच्या कालव्याचा चार्ज घेतला होता. नाव घेत नाही. कालव्याचं वरचं काम झालेलं, खालच्या काही किलोमीटरचं अस्तरीकरणसुद्धा झालेलं, आणि मधल्या दोन-तीन शेतांचं भूसंपादन अडलेलं. त्यामुळं खालच्या अस्तरीकरणाला पाण्याचा थेंब लागला नव्हता. काँक्रीटच्या सांध्यांतून बाभळी वर आल्या होत्या आणि कालव्याच्या तळात कुणीतरी कडब्याच्या गंजी रचल्या होत्या. चार्जमध्ये मला काय मिळालं? लोखंडी कपाटभर मोजमाप पुस्तकं, उंदरांनी कडा कुरतडलेली संकल्पचित्रं, आणि प्रलंबित दाव्यांची यादी. मूळ सर्वेक्षणाचे बेंचमार्कचे, म्हणजे उंची मोजायच्या खुणांचे, दगड जागेवर सापडेनात. नकाशात होते, शेतात नव्हते. शेवटी एक म्हातारा खलाशी (सर्वेक्षणात हाताखाली असणारा मदतनीस), निवृत्त होऊन गावात बसलेला, त्याला गाडीत घालून आणला. त्यानं काठीनं दाखवलं, "साहेब, ह्यो कडुलिंबाच्या बुडात. त्यो तिकडं, विहिरीच्या थारोळ्यात बशिवलाय." एक दगड खरोखरच विहिरीच्या थारोळ्यात निघाला. तो माणूस दोन वर्षं आधी वारला असता तर पुन्हा सर्वेक्षण करावं लागलं असतं, आणि ते जुन्या बांधकामाशी कितपत जुळलं असतं देव जाणे. कामाची अर्धी माहिती अशी माणसांच्या डोक्यात असते. ती चार्ज रिपोर्टमध्ये येत नाही.

सॅटर्न-५ चं एफ-१ इंजिन याच रांगेतलं. त्याचे नकाशे हरवले अशी एक दंतकथा फिरते, ती खोटी आहे. नकाशे आहेत. २०१३ च्या सुमारास नासाच्या मार्शल केंद्रातल्या तरुण अभियंत्यांनी जपून ठेवलेलं एक इंजिन उकललं आणि त्याचा एक भाग चालवूनही पाहिला. तेव्हा त्यांना दिसलं की प्रत्येक इंजिनात वेल्डरनं हातानं जुळवलेल्या गोष्टी होत्या, नकाशात न आलेल्या. ते वेल्डर केव्हाच गेलेले. पन्नास वर्षांनी चंद्रावर "परत" जाणं म्हणजे जवळजवळ पहिल्यांदाच जाणं असतं ते यामुळं. हातातलं काम सुटलं की कसब दहा-पंधरा वर्षांत जातं. आपल्या शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जाऊन विचारा, साच्यातली वाळू मुठीत दाबून ओल ओळखणारा माणूस तयार व्हायला किती वर्षं लागतात.

याच्या उलट नासाची व्हॉयेजर यानं बघा. १९७० च्या सुमारास नासाचा बाह्य ग्रहांच्या महायात्रेचा मोठा बेत होता, कारण ग्रह १७५ वर्षांतून एकदा सोयीच्या मांडणीत येत होते. तो बेत खर्चापायी रद्द झाला. मंजूर झाली ती फक्त गुरू आणि शनीपर्यंतची दोन यानं. अभियंत्यांनी ती अशी बांधली आणि व्हॉयेजर-२ चा मार्ग असा ठेवला की पुढं जायचा दरवाजा उघडा राहील. १९७७ ला ती उडाली. गुरू झाला, शनी झाला, मग मागणी मंजूर होत होत १९८६ ला युरेनस आणि १९८९ ला नेपच्यून. प्रत्येक टप्प्याला हातात काहीतरी होतं, आणि पुढच्या टप्प्याची मागणी लहान होती. एड स्टोन नावाचा शास्त्रज्ञ या मोहिमेचा प्रमुख शास्त्रज्ञ होता तो १९७२ ते २०२२. एकाच टेबलावर पन्नास वर्षं. आपल्याकडं तीन वर्षं झाली की बदली. (बदल्या नकोत असं म्हणायचं धाडस मी करणार नाही, एकाच खुर्चीत पन्नास वर्षं बसलेले काही लोक मी पाहिलेत.) २०२३ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-१ अगम्य आकडे पाठवायला लागलं. आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. स्मृतीतली एक चिप मेली होती. जुनी कागदपत्रं उपसून, आज्ञावलीचे तुकडे करून दुसरीकडं बसवून, २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ते पुन्हा शुद्धीवर आणलं. हे काम कुणाच्याही भाषणात आलं नाही.

आपल्या इस्रोचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारं, इंजिन हेही सांगण्यासारखं आहे. रशियाकडून इंजिनं आणि तंत्रज्ञान घ्यायचा करार झाला १९९१ ला, अमेरिकेनं निर्बंध घातले, १९९३ ला रशियानं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं. स्वतःचं इंजिन करायचं ठरलं. पहिलं उड्डाण एप्रिल २०१० ला, ते फसलं. ५ जानेवारी २०१४ ला यश आलं. नरसिंह रावांच्या काळात सुरू झालेलं काम, मधे वाजपेयी, देवेगौडा, गुजराल, पुन्हा वाजपेयी, आणि मनमोहन सिंगांच्या शेवटच्या वर्षात पूर्ण. कुणी मोडलं का नाही? चिकाटी हे एक कारण झालं. दुसरं असं की जड दळणवळण उपग्रह सोडायला फ्रेंच एरियानला पैसे मोजावे लागत होते. दर उपग्रहागणिक बिल येत होतं. गरज फायलीत झोपली नाही, बिलाच्या रूपानं पुन्हा पुन्हा टेबलावर येत राहिली. शिवाय विक्रम साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला अचानक गेल्यावर वर्षभराच्या आत अवकाश आयोग आणि अवकाश विभाग उभे राहिले आणि सतीश धवन यांनी धुरा घेतली ती १९८४ पर्यंत. चार्ज नीट दिला-घेतला गेला. साराभाईंनी सुरुवातीपासून अवकाशाला हवामान, दूरचित्रवाणी, जमीन-पाण्याचं सर्वेक्षण यांच्याशी बांधलं होतं. आमच्या खात्यात जलाशयात गाळ किती साठला हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढायला लागले तेव्हा जुन्या साहेबांनाही अवकाश कार्यक्रम म्हणजे काय ते कळलं. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. तेव्हा किती पसाऱ्यात पाणी आहे हे वरूनच दिसत होतं.

खंड पडला तरी टिकायचं असेल तर ते तोडणंही अवघड करून ठेवावं लागतं. १९९३ साल यासाठी मला फार बोलकं वाटतं. त्या जूनमध्ये अमेरिकेचं अवकाश स्थानक प्रतिनिधीगृहात केवळ एका मतानं वाचलं. पुढं त्यात रशिया आला, युरोप, जपान, कॅनडा होतेच. मग ते एका खात्याचं काम उरलं नाही, परराष्ट्र धोरण झालं, आणि २००० च्या नोव्हेंबरपासून तिथं सतत माणूस आहे. त्याच १९९३ च्या ऑक्टोबरात टेक्सासमधला महाकाय कणत्वरक, म्हणजे वर्तुळाकार बोगद्यात सूक्ष्म कण प्रचंड वेगानं फिरवणारं यंत्र, रद्द झाला. ८७ किलोमीटरच्या बोगद्यापैकी २३ किलोमीटर खोदून झाला होता, २ अब्ज डॉलर गेले होते. बोगदा मातीचं धरण ठरला: अर्ध्या वर्तुळात कण फिरत नाहीत.

एक बाजू अजून राहिली, आणि ती मी सोडणार नाही. लांबच्या ध्येयाला विरोध करणारा माणूस नेहमी आखूड दृष्टीचा असतो, हा शिकलेल्या लोकांचा गैरसमज आहे. अपोलो ११ उडायच्या आदल्या दिवशी राल्फ ॲबरनॅथी हे कृष्णवर्णीय नेते गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन प्रक्षेपण तळाच्या दारात उभे होते. आमच्याकडं धरणग्रस्त उभे असतात. कोयना पूर्ण होऊन साठ वर्षं झाली तरी तिथल्या विस्थापितांचे प्रश्न अजून निघतात. हे ज्यानं पाहिलंय तो नव्या धरणाला "आधी पुनर्वसन, मगच घळभरणी" असं म्हणणारच. त्याला पुढच्या पिढीचं काय पडलंय असं म्हणून चालत नाही, त्याच्या मागच्या पिढीला दिलेला शब्द मोडलेला आहे. आजरा-चंदगडकडची काही धरणं दोन दशकं रखडली त्यात पैशाइतकाच हा अविश्वास होता. उद्याच्या नावानं आज किंमत कोण देतो, आणि त्याला ती कधी परत मिळते, याचं उत्तर नसलेलं ध्येय लोक ओढत नाहीत, आणि ओढू नये.

देखभालीबद्दल थोडक्यात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा महाराष्ट्रभर गेला. नदीत खांब, त्यांच्या खाचांत बर्ग्यांच्या, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्यांच्या, दोन ओळी, मधे माती ठासायची, पावसाळा सरला की बर्गे घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे. भोगावती-पंचगंगेवर हे इतकी वर्षं चाललं कारण त्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि पाणीपुरवठा संस्थांना बर्गे पडायला उशीर परवडत नाही. हाच नकाशा इतरत्र नेला तिथं कित्येक ठिकाणी पहिल्या दोन-चार वर्षांत बर्गे चोरीला गेले आणि खांब तेवढे उरले. दरवर्षी नव्यानं करावं लागणारं कंटाळवाणं काम कुणाच्या गळ्यात आहे हे ज्यात ठरलेलं नाही, ते शतकभराचं ध्येय फार दिवस टिकत नाही. अंतराळ स्थानकाचा मुख्य खर्चही बांधण्याइतकाच चालवण्याचा आहे.

राहिलं शेपूट, २०४० चं. गगनयानची, म्हणजे भारताच्या यानातून माणूस अवकाशात पाठवायची, घोषणा २०१८ च्या १५ ऑगस्टला झाली तेव्हा २०२२ चा वायदा होता, तो केव्हाच मागे पडला. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. माणूस बसवायचा असेल तर घाईपेक्षा उशीर बरा. २०३५ ला स्थानक आणि २०४० ला चंद्र या तारखा मी तारखा म्हणून वाचत नाही. मधे थांबलं तर काय उरेल, ते बघतो. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स प्रयोगातली दोन यानं अवकाशात एकमेकांना जोडली गेली. जोडणी जमली की ती स्थानकालाही लागते, चंद्रालाही, आणि दोन्ही रद्द झाली तरी उपग्रहात इंधन भरायला लागेल. श्रीहरिकोट्याला ३,९८५ कोटींचा तिसरा प्रक्षेपण तळ मंजूर झालाय, सरकार कुणाचंही येवो, तो तिथंच राहणार. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या मोठ्या रॉकेटला ८,२४० कोटी मंजूर झाले. त्याचे टप्पे परत वापरायचा विचार आहे, तो तडीस गेला तर उत्तम. ही दगडी कामं आहेत. चंद्रावर उतरणारं यान आणि त्याचा कार्यक्रम हे घळभरणीचं काम, ते शेवटच्या चार-पाच वर्षांतच जोरात होईल आणि त्याला तेव्हा कुणाची तरी स्पर्धा लागेल. चीननं २०३० च्या आत माणूस उतरवायचं म्हटलंय, ती स्पर्धा तयारच आहे.

विद्यार्थ्याला एक काम सांगतो. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो तेव्हा अवकाश विभागाची नवी तरतूद सगळे छापतात. तू शेजारचा रकाना बघ, चालू वर्षाच्या सुधारित अंदाजाचा. मागच्या फेब्रुवारीत जेवढे देतो म्हटले त्यातले खरोखर किती हाती पडणार, ते तिथं असतं. पाच वर्षांचे दोन्ही रकाने कागदावर शेजारी शेजारी लिही. आमच्या खात्यात कुठलं धरण होणार आणि कुठलं नाही हे आम्ही असंच ओळखायचो, भाषणं ऐकायला कुणी जात नव्हतं.